गाळलेले प्रकरण आणि कादंबरीचे रूप

लोपाचे कारण अखेरीस उघड व्हावे, हा रहस्यकथेचा रूढ संकेत. जोन लिंडसे यांच्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९६७) या ऑस्ट्रेलियन कादंबरीत तो मोडतो. १९०० साली व्हिक्टोरियातील एका निवासी शाळेच्या दोन विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका सहलीत नाहीशा होतात. त्यांचा ठाव लागत नाही. उलगड्याचे अंतिम प्रकरण संपादकीय सूचनेवरून गाळले गेले होते. परिणामी ‘काय घडले?’ हा प्रश्न मागे पडतो. पालक मुलींना काढून नेतात, मुख्याध्यापिकेचा अंत ओढवतो. संशयाने पोखरलेले समूहमन हाच कथनाचा विषय बनतो. ते प्रकरण लेखिकेच्या निधनानंतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तरी कादंबरी त्याविनाच वाचली जाते. तिच्या मनोविश्लेषणात्मक रूपाचे श्रेय म्हणूनच केवळ लेखिकेच्या संकल्पास देता येत नाही.