जालपटल व मेंदू यांची जोडणी, कृंतकांतील

डोळ्याच्या आतील मागील बाजूस असलेल्या प्रकाशसंवेदी पटलास जालपटल म्हणतात. त्यातील शलाका व शंकू या कोशिका प्रकाश ग्रहण करतात व त्यांचे संदेश मधल्या कोशिकांमार्फत गुच्छिका कोशिकांकडे जातात. गुच्छिका कोशिकांचे लांब अक्षतंतू एकत्र येऊन दृक्-तंत्रिका बनते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामॉन ई काहाल यांनी १८९३ मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. लहान उंदराच्या एका जालपटलात सु. ४५,००० गुच्छिका कोशिका असतात. त्यांपैकी बहुसंख्य कोशिकांचे अक्षतंतू विरुद्ध बाजूस ओलांडून मुख्यतः मध्य मेंदूच्या छताकडे व थॅलॅमसाकडे जातात.

ही जोडणी केवळ पाहण्यासाठीच असते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला छेद देणारे निरीक्षण अमेरिकन शास्त्रज्ञ क्लाइड कीलर यांनी १९२७ मध्ये नोंदविले. जन्मतः शलाका नसलेल्या आंधळ्या उंदरांच्या बाहुल्याही प्रकाशात आकुंचन पावत. या निरीक्षणाकडे पुढे अनेक दशके दुर्लक्ष झाले.

१९७२ मध्ये मोठ्या उंदरांच्या डोळ्यांत किरणोत्सर्गी ॲमिनो अम्ले टोचून त्यांचा माग काढण्यात आला. तेव्हा जालपटलापासून अधोथॅलॅमसातील एका सूक्ष्म केंद्रकाकडे जाणारा स्वतंत्र मार्ग आढळला. त्याच वर्षी हे केंद्रक नष्ट केलेल्या उंदरांची दैनिक लय नाहीशी झाल्याचे दिसून आले. याचा अर्थ, शरीराच्या घड्याळास दिवस-रात्रीची वार्ता डोळ्याकडूनच मिळते.

१९९९ मध्ये शलाका व शंकू दोन्ही नसलेल्या उंदरांचे घड्याळही प्रकाशानुसार जुळते, असे सिद्ध झाले. डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचा उलगडा केला. या केंद्रकाशी जोडलेल्या गुच्छिका कोशिका स्वतःच प्रकाशसंवेदी असतात. मेलॅनॉप्सिन या त्यांच्यातील रंगद्रव्याचा शोध इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत लावला होता. २००८ मध्ये उंदरांतील केवळ याच कोशिका नष्ट करण्यात आल्या, तेव्हा त्यांची दृष्टी टिकली. घड्याळ मात्र प्रकाशाशी जुळेनासे झाले.

या संशोधनास वैद्यकीय महत्त्व आहे. १९९५ मध्ये तपासलेल्या ११ अंध व्यक्तींपैकी ३ व्यक्तींत तीव्र प्रकाशाने मेलॅटोनीन या हॉर्मोनाचे प्रमाण घटले. दृष्टी गेलेला डोळाही निद्रा-जागृतीची लय राखू शकतो. म्हणून असा डोळा काढून टाकण्याचा निर्णय घेताना ही बाब विचारात घेणे आवश्यक ठरते.