फियाटचं काय करायचं?

२९ ऑक्टोबर २००३ या दिवशी मुंबईत ताडदेवच्या आरटीओत एक प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. ती शेवटची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात भाड्याने धावणारी पद्मिनी उरली नाही. त्या आठवड्यात पेपरांतून आणि व्हॉट्सॅपवर भरपूर गळे काढून झाले. निदान एक तरी गाडी जपून ठेवा, असा अर्ज टॅक्सीवाल्यांच्या युनियनने सरकारकडे केला होता, पण त्याचं काही झालं नाही. एके काळी साठ हजारांच्या घरात टॅक्स्या होत्या, त्यातल्या बहुतेक याच. आणि एक ठेवायला जागा मिळेना!

हा प्रश्न आमच्या घरात सध्या छोट्या प्रमाणावर चालू आहे, म्हणून हे सगळं डोक्यात. मिरा रोडला काकांच्या सोसायटीत त्यांची १९७३ ची फियाट उभी आहे. काका जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरने ती उजव्या बाजूने चेपली. मागचं दार आत गेलं, पिलर वाकला, छताला सुरकुती पडली. सोसायटीची नोटीस आली आहे, गाडी हलवा. दादा म्हणतो भंगारात द्या, ताई म्हणते काही झालं तरी उभी करायची, आणि काकू दोघांचंही ऐकून घेते आणि चहा टाकायला उठते. मला विचारलं, कारण मी 'जुन्या गोष्टींचं वाचतो'.

तर वाचलेलं सांगतो.

फियाट आपण म्हणतो खरं, पण गाडी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला, तसा मोटारीचाही घाट घातला. १९४० साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, मध्ये महायुद्ध आलं, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्यात गाड्या जुळवायला सुरुवात झाली. फियाट आली १९५१ च्या सुमारास, आधी छोटी ५०० आणि १९५४ पासून ११००. वालचंद ती बघायला नव्हते, १९५३ सालीच गेले.

त्या पहिल्या ११०० ला आपल्याकडे नाव पडलं 'डुक्कर फियाट'. पुढून बघितलं की का ते कळतं. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली, १९६४ साली डिलाईट आली, आणि तिथे इटलीतली गाडी आपल्याकडे जी गोठली ती गोठलीच. लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून घेतलेली फियाट याच काळातली. ती दिल्लीत त्यांच्या स्मारकात अजून आहे. १९७२ च्या सुमारास फियाटशी असलेला करार संपला आणि गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ ला चित्तोडच्या राणीवरून 'पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. म्हणजे काकांची गाडी कागदावर प्रेसिडेंट. दीड-दोन वर्षंच टिकलेलं हे नाव, त्यामुळे ताईला तिचं जरा जास्तच अप्रूप आहे.

आता यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग. त्या काळात गाडी मिळत नसे. 'मिळत नसे' म्हणजे काय हे आज शोरूममध्ये जाऊन रंग निवडणाऱ्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, केवढ्याला विकायच्या तेही सरकार ठरवणार. किमतीवरून कंपनी आणि सरकार यांच्यातली भांडणं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, १९७१ साली त्याचा निकालही लागला. आणि सरकारी भावाने मिळणाऱ्या नव्या गाडीपेक्षा हातात तयार असलेली जुनी गाडी जास्त किमतीला जात असे. उलटा बाजार!

अशा बाजारात मोडलेली गाडी टाकून देणं परवडायचं कुणाला? घाटात लोळलेली असो, ट्रकने घासलेली असो, फियाट गॅरेजला जायची. तिथे डेंटर ती उघडायचा, ठोकायचा, गॅस वेल्डिंगने जोडायचा, वरून लांबी भरायचा आणि रंगवून परत द्यायचा. जे ठोकून सरळ होणार नाही ते दुसऱ्या कुठल्या तरी फियाटचं आणायचं. कुर्ल्याला, चोर बाजारात, ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत. एकाच साच्यातली गाडी जवळजवळ पस्तीस वर्षं निघत राहिली, याचा हा फायदा. पासष्ट सालचा भाग पंचाऐंशीच्या गाडीला थोड्या खटपटीने बसवता येई. टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी उचलून धरली ती यासाठी. १०८९ सीसीचं साधं इंजिन, कुठलाही मेकॅनिक रस्त्याच्या कडेला उघडू शकेल असं. आणि मागे भंगारात गेलेल्या भावंडांची अखंड रसद.

एका अर्थाने मुंबईतल्या फियाट एकमेकींना खाऊन जगल्या. (ताईला हे वाक्य आवडलेलं नाही.)

काकांच्या गाडीकडे या नजरेने बघितलं की गंमत दिसते. ती घेतली गिरगावात. १९८६ साली तिचं इंजिन बदललं, ते एका टॅक्सीचं होतं. डावं पुढचं दार २००५ नंतरचं. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काका अंधेरीत अडकले होते, गाडी दोन रात्री पाण्यात होती. त्या पावसानंतर शहरभर पाण्यात गेलेल्या गाड्या भंगारवाल्यांकडे जात होत्या, त्यातल्याच कुणाचं तरी हे दार. गिअरची दांडी स्टिअरिंगला, सीट पुढे सलग, हे सगळं मूळचं. डिकीचं झाकण कुठलं ते काकांनाच ठाऊक होतं.

त्यात भर मिरा-भाईंदरच्या हवेची. काका १९९१ ला गिरगावातली खोली विकून इकडे आले तेव्हा इथे कॉर्पोरेशन नव्हतं (ते २००२ साली झालं), नगरपालिका होती, ती १९८५ ची. लोकलमधून भाईंदरच्या आधी-नंतर मिठागरं दिसायची, पांढरे ढीग. आता त्यातली बरीच इमारतींच्या मागे गेली, पण खाडी आणि समुद्र आहेतच. लोखंडाला ही हवा सोसत नाही. आणि या गाडीची गोम अशी की हिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालची पट्टी, पिलर, छत हे सगळं एकमेकांना जोडून झालेली पेटी म्हणजेच गाडीची ताकद. १९५३ च्या ११०० पासून फियाटने हीच रचना ठेवली. पेटी एका बाजूने चेपली आणि खालून गंजली की दार बसत नाही, चाकं रांगेत येत नाहीत, नुसतं बोनेट चमकवून काही होत नाही. मी एका डेंटरला घेऊन गेलो होतो. त्याने गालिचा उचलला, पेचकस तळावर दाबला, तो आरपार गेला. मग कारागीर माणसासारखा गप्प बसला.

ताईचं म्हणणं, गाडी पन्नास वर्षांची झाली, म्हणजे आता ती व्हिंटेज. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत हे खरं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणायची. पण नियमात आणखी एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नकोत.

इथे मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो. नियम वाईट नाही. जगभर जुन्या मोटारींकडे असंच बघतात, मूळ स्क्रू जागेवर आहे का ते तपासतात. २००९ साली स्वित्झर्लंडच्या हद्दीतल्या माज्जोरे सरोवरातून १९२५ ची एक बुगाटी वर काढली. पाण्यात अनेक दशकं राहून तिची एक बाजू जवळजवळ नाहीशी झाली होती. २०१० साली पॅरिसच्या लिलावात ती दोन लाख साठ हजार युरोंच्या वर गेली. घेणाऱ्याने ती दुरुस्त केली नाही, कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात तशीच, गंजलेली, मांडली. मला तो निर्णय फार आवडतो. तिला हात लावला असता तर उरलं असतं ते नव्या पत्र्याचं खेळणं. पण बुगाटी मोजक्याच निघाल्या. घोडबंदरच्या खाडीतून उद्या फियाट वर काढली तर अर्ध्या तासात तिची चाकं गायब होतील, आणि ती दुसऱ्या फियाटला बसतील. फियाटचं 'मूळ स्वरूप' म्हणाल तर ते हेच की तिचं काही मूळ राहिलं नाही. टॅक्सीचं इंजिन, पुरातल्या गाडीचं दार, कुणाचं तरी डिकीचं झाकण. तीच तिची कुंडली. नेमक्या या कुंडलीमुळे ती व्हिंटेजच्या परीक्षेत नापास होण्याची शक्यता आहे. जी गाडी कुणी श्रीमंताने ताडपत्रीखाली ठेवली ती पास, जी मुंबईने वापरली ती अडली.

साधी फेरनोंदणी हा मार्ग आहेच. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती करावी लागते. त्याची फी २०२२ पासून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये दहा हजार. पण त्यासाठी गाडी आरटीओच्या माणसासमोर चालवून दाखवावी लागते, म्हणजे पुन्हा त्या तळाच्या पत्र्याशी येऊन थांबलो.

दादाचा मार्ग कागदावर सगळ्यात सरळ. २०२१ च्या धोरणानंतर सरकारमान्य भंगार केंद्रं निघाली आहेत. तिथे गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. नऊशे किलोच्या आत-बाहेरचं लोखंड, दाबून ठोकळा. मला यात वाईट वाटतं ते आठवणींमुळे नव्हे. मिरा रोडपासून पुण्यापर्यंत अजून बऱ्याच फियाट हौशी लोकांनी चालत्या ठेवल्या आहेत. कुर्ल्याचा कारखाना २००१ च्या सुमारास पद्मिनी काढायची थांबला. वीस वर्षं झालेल्या टॅक्स्या रांगेने भंगारात गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती रसदही आटली. आज पाठीमागची काच, स्टिअरिंगवरचा गिअरचा जोड, डाव्या-उजव्या दिव्यांच्या कड्या, हे मिळणं कठीण. आणि हे सगळं काकांच्या गाडीत शाबूत आहे. टँकरने फक्त उजवी मागची बाजू नेली.

म्हणून मी काकूला सांगितलं ते असं. ही गाडी उभी करू नये आणि दाबून ठोकळाही करू नये. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं आणि आरसी परत करायची. आधी गाडी काकूच्या नावावर, मग हे. चासी नंबरचा तुकडा कापून घ्यायचा आणि तो कुणालाही द्यायचा नाही, कितीही पैसे दिले तरी. जुन्या गाडीचे कागद आणि नंबर विकत घेऊन चोरीच्या गाडीवर चढवणारे लोक आहेत. मग जे चालणाऱ्या फियाटला उपयोगी आहे ते त्यांना द्यायचं. राहिलेली पेटी भंगार केंद्राला.

दादा म्हणाला, एवढा व्याप कोण करणार? प्रश्न रास्त आहे. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "इंजिन कुणाला देणार आहेस?" मी म्हटलं, ते तसंही टॅक्सीचंच होतं. तर म्हणाली, "मग चालवणाऱ्याला दे, शोकेसवाल्याला नको."

नाशिकचे एक गृहस्थ पुढच्या रविवारी काचेसाठी येत आहेत. त्यांची गाडी १९६८ ची डिलाईट. पाठीमागच्या काचेऐवजी त्यांनी गेली तीन वर्षं ॲक्रिलिकचा तुकडा लावला आहे. गिअरच्या जोडासाठी दोघे आहेत, त्यातल्या कुणाला द्यायचा हे काकू ठरवणार आहे. स्टिअरिंगचं चाक मात्र ती कुणालाच देत नाही. ते तिने आधीच काढून घरात नेलं आहे, पलंगाखाली ठेवलंय.