लुळ्या पायांची शाळा



मुलाला दोन-तीन दिवस ताप येतो. तो उतरल्यावर आई त्याला उभं करायला जाते, तर पाय भुईवर ठरतच नाही! मग अंगारे होतात, नवस होतात, आणि अखेर मूल ओटीवरच्या कोपऱ्यात बसतं ते कायमचं. अशी घरं एके काळी गावोगाव होती.

हा रोग पोलिओ. त्याचा विषाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो. थोड्या मुलांत तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशींवर घाला घालतो. हातपाय लुळे पडतात. बुद्धी मात्र शाबूत राहते.

मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला हाच रोग जडला. उपचारासाठी त्यांनी थेट मद्रास गाठलं. नेमाने व्यायाम दिला, तर अशी मुलं सुधारू शकतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. पण ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याच्या लेकरानं काय करावं? १९४७ साली मुंबईत, डॉ. बाळिगा यांनी दिलेल्या चौपाटीवरच्या जागेत, बाईंनी अशा मुलांसाठी केंद्र उघडलं. त्यातूनच पुढं हाजी अलीचं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. १९५८ साली बाईंना पद्मश्री मिळाली.

पण नुसत्या डॉक्टरानं भागत नाही, बरं का! पायाला आधाराची पट्टी बांधून दिली, तरी मूल वाढतं, पट्टी आखूड होते. ती बदलायला यायचं, तर बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. मुलाला शाळेत घालायचं, तर आईला लोकांची लाज वाटते. या गाठी घरी जाऊनच सोडवाव्या लागतात. ते काम समाजसेवकाचं. त्याचं रीतसर शिक्षण देणारी आपल्या देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून निघाली, आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

पुढं लस आली. १९९५ पासून दोन थेंबांची मोहीम देशभर चालली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो.

मग काम संपलं का? नाही. ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्याची समज उशिरा फुलते, अशी मुलं आजही आहेत. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला.

गुरुजी, बाई, हा हक्क कागदावरून उतरायचा तो तुमच्याच दारी. पटावरची नावं रोज वाचता, तशी एकदा वस्तीतली घरंही वाचा. कुठल्या तरी ओटीवर अजून एक मूल हाकेची वाट पाहत बसलेलं असेल.