मैफल संपल्यावर सूर कोणाचे?

१/ १९६५ साली कॅलिफोर्नियात उदयास आलेल्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडचे दोन कार्यक्रम कधी सारखे नसत. उत्स्फूर्त विस्तार हा त्यांच्या वादनाचा प्राण होता. साहजिकच प्रत्येक रात्र जपून ठेवण्याची ओढ चाहत्यांना लागली.

२/ ते टेपरेकॉर्डर घेऊनच कार्यक्रमाला येत. इतरत्र अशांना हुसकावून लावले जाई. या बँडने मात्र ऑक्टोबर १९८४ पासून त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा राखली. कॅसेटींची देवाणघेवाण करण्यास मुभा होती, विक्रीस नव्हती.

३/ कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाची ख्याती अशा हस्ते-परहस्ते फिरलेल्या प्रतींनीच पसरवली. ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांचे ते मुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध झाले थेट २०१७ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी!

४/ पुढे हा ठेवा 'इंटरनेट आर्काइव्ह'वर सर्वांना विनामूल्य खुला झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये मात्र बँडच्या बाजूने सूचना आली आणि डाउनलोड बंद झाले. ज्यांनी हा ठेवा जोपासला, तेच चाहते संतापले.

५/ काही दिवसांतच तोडगा निघाला. प्रेक्षकांतून केलेली मुद्रणे पुन्हा उतरवून घेता येऊ लागली; बँडच्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली केवळ ऐकण्यापुरती राहिली.

६/ कॅसेट हातोहात फिरत होती, तोवर औदार्य सोपे होते. एका कळीसरशी असंख्य प्रती निघू लागल्या, तेव्हा त्याच औदार्याला सीमारेषा आखावी लागली. ती रेषा चाहत्याचा मायक्रोफोन आणि बँडची यंत्रणा यांच्यामधून गेली.