शिकलगारांची सतार आणि जुनी गिटार

‘शिकलगार’ हे आडनाव आपल्याकडे अनेकांचे आहे, पण त्याचा अर्थ थोड्यांनाच सांगता येतो. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासूनपुसून आणलेली झळाळी. त्याला फारसी ‘गर’ जोडले की सैकलगर होतो. मराठी तोंडी तो झाला शिकलगार. हत्यारांचा गंज काढणारा, बोथट पात्याला धार देणारा, म्हणजेच जुन्या वस्तूला पुन्हा कामाला लावणारा माणूस.

हा शब्द आठवायला कारण आहे. दहावीची परीक्षा संपली की आमच्या तळ्यातला एखादा विद्यार्थी घरी गिटार मागतो. नवी चांगली गिटार परवडत नाही आणि जुनी म्हटली की वडील नाक मुरडतात. ‘दुसऱ्याने टाकलेली वस्तू कशाला?’ असा त्यांचा सवाल असतो. वाद्य वाजवणे योग्य की अयोग्य, हा आपल्या समाजातला वाद वेगळा. तो इथे काढत नाही. पण ‘टाकलेली वस्तू’ या शब्दांवर मला हरकत आहे, आणि तिचे उत्तर मिरजेच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठ्यांचे राज्य गेले, फौजा मोडल्या आणि तलवारींची मागणी आटली. मिरजेतल्या शिकलगारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. पटवर्धनांच्या या संस्थानात गवयांना आश्रय होता. त्यांची तंतुवाद्ये बिघडत आणि जवळपास दुरुस्त करणारे कोणी नसे. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ते काम हाती घेतले. बिघडलेले वाद्य उघडायचे, आत काय आहे ते पाहायचे, बरे करायचे, आणि मग तसेच नवे घडवायचे. शिकलगारांच्या घराण्याला पुढे ‘सतारमेकर’ हे नाव पडले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) याच मिरजेत राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो नीट वाळवावा लागतो, लाकूड मुरवावे लागते. ओल्या लाकडाची दांडी पुढे वाकते. जुन्या वाद्यात जे आक्रसायचे, वाकायचे ते बहुतेक होऊन गेलेले असते. म्हणून सरळ राहिलेली जुनी दांडी ही परीक्षा पास झालेली दांडी समजावी. घोडीचा वरचा भाग तारांनी झिजतो, तेव्हा कारागीर तो कानसून पुन्हा जवारी लावतो. म्हणजे झीज होणार, हे वाद्य घडवतानाच गृहीत धरलेले असते. आजोबांचा तंबोरा नातू वाजवतो, यात गवयांच्या घरी कोणाला कमीपणा वाटत नाही.

गिटारचेही तसेच आहे. तिचे नावही अंदलूसमधल्या अरबी ‘कीतारा’शी नाते सांगते, आणि त्या शब्दाचे मूळ ग्रीक. बाजारातल्या अगदी स्वस्त नव्या गिटारी प्लायवूडच्या असतात. तेवढ्याच पैशात कोणाच्या घरी माळ्यावर पडलेली बऱ्या लाकडाची गिटार मिळू शकते. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावी. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहावे. घोडी मागच्या बाजूने उचकटली नाही ना, जोडांना तडा नाही ना, तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना, हे तपासावे. प्रत्येक पडद्यावर सूर दाबून ऐकावा. तारा गंजल्या असतील तर घाबरू नये, त्या बदलता येतात. दांडी पिळली असेल तर मात्र सोडून द्यावी. आपल्या कोकणात आणखी एक पथ्य आहे. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिते, म्हणून वाद्य ओलीच्या भिंतीला टेकवू नये. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि वाजवून झाल्यावर तारा पुसाव्यात.

पैसे वाचतात हा फायदा आहेच. नवशिक्याचा हात महिन्याभरात आळसावला तरी घरात भांडण होत नाही, आणि नीट राखलेली जुनी गिटार पुढे विकतानाही फारसे नुकसान होत नाही. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती दुरुस्ती करणाऱ्या हाताची. आपण बिघडलेले फेकून नवेच आणू लागलो, तर जवारी लावणाऱ्याकडे, पडदे घासणाऱ्याकडे कोणी जाणार नाही. तो नसला की त्याचा मुलगाही ते काम शिकणार नाही. मिरजेत नवी सतार जन्मली ती दुरुस्तीच्या कामातून, हे विसरून कसे चालेल?

तेव्हा मुलाने गिटार मागितली, तर आधी ओळखीपाळखीत जुनी शोधा. सोबत वाजवणारा एखादा जाणकार न्या, आणि घेतल्यावर ती कारागिराकडून एकदा सैकल करून घ्या.