बौद्धिक प्रक्रिया वेगवेगळ्या मोजता येतात का?

महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हा स्वतंत्र विभाग असतो. आकलन, वर्गीकरण, समसंबंध, क्रम, तर्क व अनुमान असे प्रश्नप्रकार त्यात येतात. सारखेच गुण मिळालेल्या दोन मुलांपैकी एक आकलनात अडलेला असू शकतो, तर दुसरा तर्कात. दोघांना लागणारी मदत वेगळी असते. म्हणूनच या प्रक्रिया खरोखर वेगळ्या आहेत का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एक बुद्धी की अनेक?

चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्ये दाखवले की एका चाचणीत पुढे असणारी मुले बहुधा इतर चाचण्यांतही पुढे असतात. त्यामागे एक सामान्य बुद्धी आहे, असे त्यांनी मांडले. जे. पी. गिल्फर्ड यांचे मत उलट होते. पाच प्रक्रिया (आकलन, स्मरण, एककेंद्री विचार, विकेंद्री विचार, मूल्यमापन), चार प्रकारचा आशय आणि सहा प्रकारची फलिते यांच्या गुणाकारातून त्यांनी 120 क्षमता मांडल्या. 1962 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने याच प्रतिमानावर मराठीत चाचण्या तयार केल्या.

या प्रतिमानावर मोठी टीका झाली. 1973 मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी गिल्फर्ड यांचीच सांख्यिकी पद्धत वापरून दाखवले की यादृच्छिक रीतीने बनवलेल्या सिद्धान्तांनाही तिच्यातून जवळपास तितकाच आधार मिळतो. प्रक्रियेला नाव देणे सोपे, ती वेगळी असल्याचे सिद्ध करणे अवघड.

पडताळणी कशी करतात?

कॅम्पबेल आणि फिस्क यांनी 1959 मध्ये सुचवलेला मार्ग आजही वापरला जातो. एकच क्षमता शब्द, अंक आणि आकृत्या अशा निरनिराळ्या रूपांत तपासायची. तर्काच्या तिन्ही चाचण्यांचे गुण एकमेकांशी जुळले, पण स्मरणाच्या गुणांशी तितके जुळले नाहीत, तर तर्क ही वेगळी प्रक्रिया मानायला आधार मिळतो. शब्दांच्या सगळ्याच चाचण्या एकत्र वरखाली होत असतील, तर मोजली जाते ती बहुधा भाषा.

मालेगावात हा मुद्दा का महत्त्वाचा?

मालेगावात मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि शब्दातील जागेनुसार अक्षराचे रूप बदलते. त्यामुळे अक्षरांवर बेतलेला सांकेतिक प्रश्न नुसता भाषांतरित केला, तर त्याची काठिण्यपातळी तीच राहील याची खात्री नसते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने प्रमाणित केली, ती यासाठीच. 1940 मध्ये त्यांचे हे काम पुस्तकरूपाने आले.

शिक्षकांसाठी यातून एक साधी खबरदारी निघते. एखाद्या मुलावर ‘तर्कात कच्चा’ असा शिक्का मारण्याआधी तोच तर्क आकृत्यांतून आणि तोंडी विचारून पाहावा. तिथे तो जमला, तर अडचण तर्कात नसून वाचनात असण्याची शक्यता अधिक.