गांजा, भांग आणि कायद्यातील शब्द

हिंदमाता येथील कापडाच्या दुकानांत ‘हेंप’चे कापड मागितले असता दुकानदार बहुधा तागाचे कापड पुढे करतो. यात त्याचा दोष नाही. ‘हेंप’ या एका इंग्रजी शब्दाखाली व्यापाऱ्यांनी आणि सरकारी अहवालांनी निदान तीन भिन्न वनस्पती घातल्या आहेत: ‘सन हेंप’ म्हणजे हिरवळीच्या खताकरिता पेरतात तो ताग, ‘डेक्कन हेंप’ म्हणजे आपली अंबाडी, आणि ‘इंडियन हेंप’ म्हणजे भांगेचे झाड. पहिल्या दोन निरुपद्रवी आहेत. तिसरीपायी मनुष्य तुरुंगात जातो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, कायदा नव्हे. तथापि भांग-गांजाविषयक कायद्याच्या सुधारणेतील अडचण ही पुष्कळ अंशी शब्दार्थाची अडचण आहे, असे वाटल्यावरून हे टिपण लिहिले आहे.

‘भंग’ हे वनस्पतिनाम अथर्ववेदात येते. मुंबई बेट ज्याने पोर्तुगीज सत्तेकडून पट्ट्याने घेतले होते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात ‘बांगे’वर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. मराठीत आज तीन शब्द रूढ आहेत. भांग म्हणजे पाने, आणि ती घोटून केलेले पेय. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चिलमीतून ओढावयाचे. चरस म्हणजे राळ. झाड एकच, परंतु भाषेने त्याचे तीन पदार्थ केले. भांगेला शिवरात्रीचे व होळीचे आच्छादन मिळाले, आणि ‘गांजेकस’ ही मात्र शिवी झाली.

ही विभागणी राज्यकर्त्यांच्या कागदांत पक्की झाली ती 1893-94 च्या चौकशीमुळे. ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे मंडळ नेमले. मुंबई इलाख्यातील कलेक्टर ओमनी हे त्याचे एक सभासद होते. मंडळाने 1,193 साक्षी घेतल्या. या इलाख्यात 1878 च्या आबकारी कायद्यान्वये मादक द्रव्यांवर परवान्यांचे व कराचे नियंत्रण आधीपासूनच होते. नवा प्रश्न बंदीचा होता. मंडळाने उत्तर दिले की, माफक सेवनापासून सहसा हानी होत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि संपूर्ण बंदी इष्ट नाही. कर व परवाना यांनीच आळा घालावा. अहवालाचा हा निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. मात्र नावांविषयीची मंडळाची खटपट कोणी फारशी वाचत नाही. एकाच मालाला एका प्रांतात एक नाव, तर दुसऱ्या प्रांतात दुसरे. सिद्धी, सब्जी, पत्ती, भांग हे शब्द एकमेकांच्या जागी येत. अशा साक्षी ऐकून घेऊन मंडळाला पाने, फुलोरा आणि राळ अशी रेषा आखावी लागली. बोलीतील सैल शब्द तेथे प्रशासनाच्या संज्ञा झाले.

पुढील कायद्यांनी ही रेषा आपापल्या सोयीने हलविली. 1930 च्या धोकादायक औषधिद्रव्यांच्या कायद्याने ‘हेंप’मध्ये पाने, कोवळे देठ व शेंडे हे सर्व घातले, भांग, सिद्धी, गांजा ही नावेही त्यात आली. मुंबईच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यातही भांग मादक द्रव्यांतच राहिली. याउलट, 1961 च्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय कराराने शेंडे तेवढे धरले आणि शेंड्यांविना असलेली पाने व बिया वगळल्या. भांगेच्या रूढ वापरास वाव राहावा, हा भारताचा आग्रह या वगळण्यामागे होता. वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजन सोडून होणारा गांजाचा वापर बंद करण्यास करार अमलात आल्यापासून, म्हणजे 13 डिसेंबर 1964 पासून, 25 वर्षांची मुदत होती.

ती संपण्यापूर्वीच 1985 चा गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला. (‘गुंगीकारक’ ही संज्ञाच या वनस्पतीला कितपत लागू पडते, हा वाद तूर्त बाजूस ठेवू.) त्यात कराराची व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी उतरली. परिणाम असा की, केंद्राच्या या कायद्यात भांगेचे पान गांजा नव्हे. परंतु मुंबईत तेच पान राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते.

ही केवळ शाब्दिक चर्चा नव्हे. 2001 पासून शिक्षा वजनावर ठरते: गांजा एक किलोपर्यंत असल्यास ‘अल्प’, वीस किलोंहून अधिक असल्यास ‘व्यापारी’ प्रमाण. पहिल्यास कारावासाची कमाल एक वर्ष. दुसऱ्यास किमान दहा वर्षे, आणि जामीनही दुर्मीळ. आता पोत्यात पाने, देठ, बिया व शेंडे एकत्र भरलेले असतील, तर तराजूत काय घालावयाचे? 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जामिनाच्या एका अर्जात हाच मुद्दा आला, आणि शेंड्यांविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, असे म्हणून न्यायालयाने जामीन दिला. पंचनाम्यात ‘हिरवट पाला’ लिहिले की ‘शेंडे’, यावर आरोपीची कित्येक वर्षे अवलंबून राहतात. पंचनामा लिहिणारा हवालदार कोणत्या जिल्ह्याची मराठी बोलतो, हेही येथे अप्रस्तुत नाही.

मग व्याख्या बदलावी, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती कोणी बदलावी? संविधानाच्या राज्यसूचीत ‘इंडियन हेंप’ येतो तो उत्पादन शुल्काच्या नोंदीत. समवर्ती सूचीत ‘औषधिद्रव्ये व विषे’ आहेत. 47 वा अनुच्छेद राज्यसंस्थेस आरोग्यास अपायकारक मादक द्रव्यांच्या बंदीकडे वळवितो, आणि या सर्वांवर कराराचे बंधन आहे. 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला कराराच्या अतिकडक चौथ्या अनुसूचीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी संमत झाला. भारताने अनुकूल मत दिले. मात्र त्यामुळे 1985 च्या कायद्यातील व्याख्येचा एक शब्दही बदलला नाही. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत या वनस्पतीचे पदार्थ वर्षभरात घेतलेले सुमारे 3.1 कोटी लोक आढळले. त्यांत भांग घेणारे 2.2 कोटी, गांजा-चरस घेणारे 1.3 कोटी. दोन्हींची बेरीज मिळून अधिक होते, कारण काही जण दोन्ही घेतात. व्याख्येतील रेषा ओलांडून ये-जा करणारा माणूस एकच असतो, हे त्यावरून दिसते.

अलीकडे आणखी एक गुंतागुंत झाली आहे. मुंबईत 2013 साली या वनस्पतीच्या धाग्याचा व बियांचा उद्योग करणारी कंपनी निघाली, आणि 2018 पासून उत्तराखंडाने औद्योगिक लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला. तेथील कसोटी झाडाच्या अवयवाची नसून टीएचसी या मादक घटकाच्या प्रमाणाची आहे: 0.3 टक्क्यांपर्यंत. 1985 ची व्याख्या मात्र पान, शेंडा व बी एवढेच जाणते. रसायन तिच्यात नाही. गांजा आणि चरस हे बोलीतील शब्द 1985 च्या इंग्रजी पाठात तसेच आहेत. धाग्याकरिता पेरलेल्या त्याच झाडाला मराठीत अद्याप रूढ नाव नाही, आणि हिंदमात्याच्या दुकानात त्याची पावती तागाच्या नावाने फाडली जाते.